पेट्रा दारावरून परत येण्यासाठी नाही

मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाची कक्षा गेल्या दोन-तीन दशकांत विलक्षण विस्तारली आहे. एके काळी काशी-रामेश्वर हा आयुष्यातील एकमेव मोठा प्रवास असे. पुढे ‘भारत दर्शन’ आले, मग सिंगापूर-थायलंड आले, युरोप आला आणि आता इजिप्त-जॉर्डनसारख्या प्राचीन संस्कृतींच्या भूमीकडेही पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची कुटुंबे वळू लागली आहेत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर दांपत्ये, नोकरीनिमित्त आखातात राहणार्‍या मुलांकडे गेलेले आई-वडील असा हा प्रवासीवर्ग आहे. ही घटना स्वागतार्हच म्हणायला हवी. जग पाहिल्याने माणसाचे मन मोठे होते, हे आपल्या पूर्वसुरींनी ‘देशाटन’ या एका शब्दात सांगून ठेवले आहे. परंतु जग ‘पाहणे’ आणि जग ‘उरकणे’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर जॉर्डनमधील पेट्रा या कातळात कोरलेल्या मरुनगरीच्या सहलीत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

सहलीच्या पत्रकात पेट्राच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: न्याहारीनंतर पेट्राकडे प्रस्थान, स्थलदर्शन, सायंकाळी परत. जॉर्डनची राजधानी अम्मानपासून पेट्रा सुमारे २३० किलोमीटर दक्षिणेला आहे. वाळवंटी महामार्गाने जाण्यास तीन तास आणि येण्यास तीन तास. अकाबा बंदरात क्रूझ जहाजातून उतरणार्‍यांसाठी हे अंतर दोन तासांचे. वाटेतील थांबे, प्रवेशद्वारावरील गर्दी, गटातील मंडळींची जुळवाजुळव आणि दुपारचे भोजन हे सर्व वजा केले, तर प्रत्यक्ष नगरीसाठी चार तास उरतात. त्यांतील निम्मे चालण्यात जातात. राहिलेल्या दोन तासांत छायाचित्रे, खरेदी आणि ‘लवकर चला, बस सुटेल’ ही हाकाटी! दोन सहस्रकांपूर्वीच्या राजधानीशी होणारी भेट ही एवढीच.

दर्शनी भागाची मोहिनी

पेट्राचे प्रवेशद्वार निसर्गानेच घडविले आहे. वादी मुसा या गावाच्या टोकापासून उताराची वाट सुरू होते आणि पुढे ‘सिक’ नावाची सव्वा किलोमीटर लांबीची अरुंद घळ लागते. दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या उत्तुंग भिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी, आणि दगडात गुलाबी, जांभळ्या, पिवळ्या रंगांच्या लाटा. घळ संपते त्या क्षणी समोर ‘अल-खजना’ म्हणजे ‘खजिना’ उभा राहतो. सुमारे चाळीस मीटर उंचीचा, स्तंभ, कमानी आणि मूर्तींनी नटलेला हा दर्शनी भाग अखंड कड्यात कोरलेला आहे. १९८९ मध्ये ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतील तिसर्‍या चित्रपटाने तो जगभर पोहोचविला, आणि २००७ साली नव्या सात आश्चर्यांच्या यादीत ताजमहालाबरोबर पेट्राचीही वर्णी लागली.

बहुसंख्य गटांची सहल येथेच मनाने संपते. वस्तुस्थिती अशी की, ‘खजिना’ हा खजिना नव्हे. माथ्यावरील दगडी कलशात फारोहाने धन दडविले आहे, अशी समजूत स्थानिक बदायूनी टोळ्यांत होती. त्या कलशावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आजही आहेत. प्रत्यक्षात ते एक राजवैभवी दफनस्थान आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी, नबाती राजा चौथा अरेटस याच्या काळात ते कोरले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २००३ साली त्याच्या पायाखाली थडगी आढळली आणि २०२४ मध्ये आणखी एका थडग्यातून किमान बारा व्यक्तींचे सांगाडे मिळाले. तेव्हा खजिन्यापुढे छायाचित्र काढून परतणारा प्रवासी नगर पाहून येत नाही. तो नगराच्या वेशीवरील एक समाधी पाहून येतो.

खरे नगर त्याच्या पलीकडे पसरलेले आहे. कड्यात कोरलेले नाट्यगृह, राजथडग्यांची रांग, दुतर्फा स्तंभ असलेला राजमार्ग, बाजारपेठ, मोठे मंदिर, ‘कस्र अल-बिंत’ हे बांधीव देवालय, आणि तेथून आठशेंहून अधिक पायर्‍या चढून गेल्यावर येणारे ‘दैर’, जे खजिन्यापेक्षाही भव्य आहे. संरक्षित क्षेत्राचा विस्तार २६४ चौरस किलोमीटर आहे. त्यातील मुख्य वाटेवर जाऊन-येऊन आठ किलोमीटर चालावे लागते, आणि परतीची वाट चढाची. दुपारच्या उन्हात साठीच्या माणसांना घाईघाईने हे जमणार नाही, हे उघड आहे. दोष त्यांच्या पायांचा नाही, आखणीचा आहे.

पाण्यावर उभे राहिलेले नगर

पेट्राचे सर्वांत मोठे आश्चर्य छायाचित्रात मावत नाही, कारण ते गुडघ्याच्या उंचीवर, घळीच्या भिंतीत कोरलेले आहे. सिकमधून जाताना दोन्ही बाजूंस पाण्याच्या चरांचे अवशेष दिसतात. एका बाजूस उघडा पाट आणि दुसर्‍या बाजूस भाजक्या मातीच्या नळांची मालिका. वादी मुसाच्या ‘ऐन मुसा’ झर्‍याचे पाणी यांतून शहरात येई. पाणी वाहते राहावे परंतु नळ फुटू नयेत, असा मंद उतार त्यांना दिला होता. गाळ बसावा म्हणून मध्ये मध्ये कुंड्या होत्या. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणार्‍या या प्रदेशात, अभ्यासकांच्या अंदाजाने वीस ते तीस हजारांची वस्ती नांदत होती, ती या व्यवस्थेच्या बळावर.

पाण्याचा दुष्काळ ही येथील एक बाजू, आणि पाण्याचा प्रलय ही दुसरी. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा उघड्या खडकांवरून लोंढे सुटतात आणि अरुंद घळीत शिरतात. नबातींनी सिकच्या तोंडाशी बंधारा घातला आणि सुमारे ८८ मीटर लांबीचा बोगदा खणून पुराचा प्रवाह दुसर्‍या दरीकडे वळविला. शतकांच्या उपेक्षेत हा बंधारा निकामी झाला. त्याची किंमत १९६३ च्या एप्रिलमध्ये मोजावी लागली. अचानक आलेल्या पुरात सिकमध्ये असलेले वीसहून अधिक जण बुडाले. त्यांत बहुसंख्य फ्रेंच प्रवासी होते. त्यानंतर आधुनिक अभियंत्यांनी जो बंधारा बांधला, तो प्राचीन बंधार्‍याच्याच जागी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्थापतींनी जागेची निवड किती अचूक केली होती, याची याहून बोलकी साक्ष कोणती?

ज्यांनी हे नगर वसविले, ते नबाती मूळचे भटके होते. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये अलेक्झांडरचा एक सेनापती अँटिगोनस याच्या सैन्याने त्यांच्या खडकाळ आश्रयस्थानावर छापा घातला. त्या प्रसंगाच्या निमित्ताने ग्रीक इतिहासकार डायोडोरसने त्यांचे वर्णन केले आहे. धान्य पेरणे, झाडे लावणे, घर बांधणे यांस त्यांच्यात मनाई होती, आणि ती मोडणार्‍यास देहदंड होता! कारण घर-शेत असलेल्या माणसाला बलाढ्य शत्रू सहज वाकवू शकतो. शत्रू आला की ते वाळवंटात नाहीसे होत, कारण जमिनीखाली चुन्याने लिंपलेली, अरुंद तोंडाची पाण्याची टाकी त्यांनी खोदून ठेवलेली असत आणि त्यांच्या खुणा फक्त त्यांनाच ठाऊक असत.

याच लोकांविषयी सुमारे तीनशे वर्षांनी स्ट्रॅबो लिहितो, तेव्हा चित्र पालटलेले आहे. आता त्यांची घरे दगडाची आणि मौल्यवान आहेत, बागा आहेत, राजा आहे. पण तो राजा पुष्कळदा लोकसभेपुढे आपल्या कारभाराचा जाब देतो. तेथे राहून आलेल्या एका तत्त्वज्ञ मित्राच्या हवाल्याने स्ट्रॅबो सांगतो की, परदेशी लोक पेट्रात सतत खटले लढवीत असत. स्थानिक मात्र एकमेकांविरुद्ध न्यायालयात जात नसत. घर बांधणार्‍यास मृत्युदंड देणार्‍या समाजाने काही पिढ्यांतच जगाने थक्क व्हावे असे नगर घडविले, आणि ज्या विद्येच्या बळावर ते घडविले, ती त्यांच्या भटकेपणातच जन्मली होती. लपविलेल्या टाक्यांचे ज्ञान नगराच्या पाणीयोजनेत रूपांतरित झाले. १९९८ मध्ये नगराच्या मध्यभागी ४३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद अशा जलाशयाचा आणि त्याला लागून असलेल्या उद्यानाचा शोध लागला. चहूकडे वाळवंट, आणि राजधानीत पोहण्याजोगा तलाव! येणार्‍या प्रत्येक व्यापार्‍याला आणि वकिलाला नबातींनी जणू शब्दाविना सांगितले होते की, आम्ही पाण्याला तोटा नसलेले लोक आहोत.

महाराष्ट्रातील प्रवाशाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. कान्हेरीच्या डोंगरावर लेण्यालेण्याशी कोरलेली टाकी, पावसाचे पाणी टाक्यांत आणणारे खडकातील चर ज्याने डोळसपणे पाहिले आहेत, त्याला पेट्राची भाषा चटकन उमगेल. कातळ माथ्यापासून पायथ्याकडे कोरत आणण्याची पद्धतही दोन्हीकडे दिसते. पेट्राचे दर्शनी भाग तसे कोरले गेले, आणि त्यानंतर सुमारे सात शतकांनी राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात वेरूळचे कैलास लेणेही वरूनच खाली उतरले. नबाती लोक दुशरा आणि अल-उज्जा या दैवतांना बहुधा घडविलेल्या मूर्तीत न पाहता साध्या उभ्या शिळेत पाहत. सिकच्या भिंतींत अशा शिळांचे कोनाडे आहेत. ते पाहून मराठी मनाला आपल्याकडील शेंदूरचर्चित तांदळे आठवतील. परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे, याचे भान सोडता कामा नये. जेथे जाऊ तेथे आपलेच उगमस्थान शोधण्याचा मोह इतिहासाला न्याय देत नाही आणि स्वाभिमानालाही शोभत नाही. समान प्रश्न समोर आला असता दोन समाजांनी स्वतंत्रपणे समान उत्तर शोधावे, हीच गोष्ट मोठी आहे.

एकाच ग्रंथात पेट्रा आणि पैठण

मात्र जेथे खरा संबंध आहे, तो आपल्या प्रवाशांना कुणी सांगत नाही, ही खेदाची बाब आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापार्‍याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा सागरी मार्गदर्शक प्रसिद्ध आहे. या छोट्याशा ग्रंथात तांबड्या समुद्रावरील ल्यूकी कोमी बंदराचा उल्लेख येतो. तेथून नबातींचा राजा मलिकस याच्या पेट्राकडे मार्ग जातो आणि बंदरात आयात मालावर चौथाई जकात घेतली जाते, असे लेखक नोंदवितो. याच ग्रंथात पुढे भडोच येते, सोपारा येते, कल्याण येते, आणि दख्खनच्या आत असलेली पैठण व तेर ही नगरे येतात, जेथून गाड्यांवर लादून माल भडोचला जाई. पेट्रा आणि पैठण ही एकाच व्यापारी जगाची दोन ठाणी होती. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आणि ल्यूकी कोमीची चौथाई जकात ही एकाच जगाची चित्रे आहेत.

दक्षिण अरबस्तानातील ऊद आणि बोळ ही नबातींच्या व्यापाराची मुख्य द्रव्ये होती. त्यांच्याबरोबर भारतीय मिरी, वस्त्रे, सुगंधी पदार्थही भूमध्य समुद्राकडे जात. या व्यापारापायी भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली होती. पेट्राच्या दर्शनी भागांवरील वैभव या मालाच्या वाहतुकीतून आणि जकातीतून उभे राहिले. सिकच्या भिंतीवर उंटांचा तांडा घेऊन जाणार्‍या माणसाचे झिजलेले शिल्प आहे. अर्ध्या तासात घळ पार करण्याच्या घाईत ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. खजिन्याचे छायाचित्र घरोघरी आहे. ज्या तांड्यामुळे तो खजिना निर्माण झाला, तो तांडा मात्र पाहायचा राहून जातो.

व्यापाराच्या वाटा बदलल्या, तसे पेट्राचे भाग्यही बदलले. मोसमी वार्‍यांचा वापर करून जहाजे थेट इजिप्तच्या बंदरांकडे जाऊ लागली. इसवी सन १०६ मध्ये सम्राट ट्रेजनने नबाती राज्य रोमन साम्राज्यात विलीन केले. ३६३ सालच्या भूकंपाने मोठा विध्वंस केला. तरीही नगर एका रात्रीत ओसाड झाले, ही कथा खरी नाही. ४४६ मध्ये एका राजथडग्याचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळात रूपांतर झाले. १९९३ साली एका प्राचीन चर्चच्या उत्खननात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या सुमारे १४० गुंडाळ्या सापडल्या. सहाव्या शतकातील या कागदपत्रांत वारसाहक्क, विवाहाचे व्यवहार, कर आणि मालमत्तेचे तंटे आहेत. भूकंपानंतर दोनशे वर्षे लोटली तरी येथे माणसे लग्ने जमवीत होती, वाटण्या करीत होती आणि कर भरत होती. नगरे मरतात ती बहुधा अशी हळूहळू, पाण्याची व्यवस्था राखणारे हात कमी होत जातात तशी.

‘हरवलेले’ कोणाला?

मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या वाक्यांत एक वाक्य हमखास असते: १८१२ साली स्विस प्रवासी योहान बुर्कहार्ट याने हे हरवलेले शहर शोधून काढले. बुर्कहार्टचे धाडस मोठे होते, यात शंका नाही. अरबी भाषा आत्मसात करून, मुसलमान प्रवाशाच्या वेशात, हारूनच्या समाधीला बकर्‍याचा बळी देण्याचा नवस आहे असे सांगून तो तेथवर पोहोचला. पण त्याला तेथे नेणारा वाटाड्या स्थानिकच होता. ज्या शहराची वाट गावचा माणूस दाखवू शकतो, ते शहर हरवलेले कसे? हरवले होते ते युरोपच्या नकाशातून. अजिंठ्याविषयी आपल्याकडेही हेच घडले. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने लेण्यांचा ‘शोध’ लावला, असे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले, आणि ज्यांच्या गुरांच्या वाटा त्या दरीतून जात होत्या, त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. अजिंठ्याच्या भूमीतून आलेल्या प्रवाशाने तरी पेट्रात हे वाक्य निमूट ऐकून घेऊ नये.

पेट्रात तर ही विस्मृती अधिक बोचरी आहे, कारण तेथील माणसे आजही डोळ्यांसमोर आहेत. बदूल नावाची बदायूनी जमात या गुहांत राहत होती. १९८५ साली पेट्राची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली आणि त्याच सुमारास या कुटुंबांना जवळच्या टेकडीवरील उम्म सैहून या नव्याने वसविलेल्या गावी हलविण्यात आले. पुरातन वास्तूंच्या रक्षणासाठी वस्ती हलविणे आवश्यक होते, असा युक्तिवाद करता येतो. गुहेतील धुराने कोरीव काम काळवंडते, हेही खरे. परंतु नव्या गावात वाढणार्‍या पिढ्यांना जागा अपुरी पडली आणि काही कुटुंबांचा तंटा अनेक वर्षे धुमसत राहिला. युनेस्कोने पुढे पेट्रा आणि वादी रम येथील बदायूनी लोकांचे पारंपरिक ज्ञान, पाककला, हस्तकौशल्य आणि मौखिक परंपरा यांची मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली. एका हाताने घर सोडायला लावायचे आणि दुसर्‍या हाताने त्या घरातील संस्कृतीला वारसा म्हणायचे, हा विरोधाभास केवळ जॉर्डनचा नाही. प्रकल्पांसाठी आणि अभयारण्यांसाठी गावे उठविणार्‍या प्रत्येक देशाने त्यात आपला चेहरा पाहावा.

आज खजिन्यापुढे उंट घेऊन उभा असणारा तरुण, गाढवावर बसण्याचा आग्रह करणारा पोर्‍या, चहाची टपरी चालविणारी म्हातारी ही बहुधा त्याच जमातीतील माणसे. घाईतल्या प्रवाशाला ती ‘मागे लागणारी’ वाटतात, कारण त्याच्याकडे ‘नको’ म्हणण्यापलीकडे वेळच नसतो. आणि घाईनेच आणखी एक अनिष्ट घडते: वेळ वाचवायचा म्हणून भर उन्हात जनावरांवर बसून पायर्‍या चढल्या जातात. मुक्या जनावरांच्या हालांवरून पेट्रा वेळोवेळी जगाच्या टीकेचा विषय झाले आहे. २०२१ मध्ये घोडागाड्यांच्या जागी विजेवर चालणारी वाहने आणली गेली, ही सुधारणा त्यातलीच. शाळेच्या वेळेत टपाल-चित्रे विकणार्‍या मुलांकडून काही घेऊ नये, असे आवाहनही तेथे केले जाते. दयेपोटी दिलेला दिनार त्या मुलाला शाळेबाहेर ठेवतो, हे सुशिक्षित मराठी कुटुंबाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तिकिटातच दडलेले उत्तर

२०१९ मध्ये पेट्राच्या वार्षिक प्रवाशांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. पुढे करोनाने ती कोसळली, सावरली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून गाझातील युद्धामुळे पुन्हा निम्म्याहून खाली आली. वादी मुसातील हॉटेले ओस पडली. एकाच वारशावर पोट अवलंबून असलेल्या गावाला अतिगर्दीही मारक आणि सामसूमही मारक. वालुकाश्म मृदू असतो. लाखो पावले आणि हातांचा स्पर्श यांनी तो झिजतो. म्हणूनच खजिन्याच्या आत जाण्यास प्रवाशांना मनाई आहे. पुराचे संकटही टळलेले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०२५ च्या मे महिन्यात पावसाच्या लोंढ्यांमुळे प्रवाशांना घाईने बाहेर काढावे लागले. अशा वेळी प्रश्न ‘किती जण येतात’ हा नसून ‘कसे येतात’ हा आहे.

जॉर्डनच्या शासनाला हे उमगले आहे, असे तिकिटाच्या दरांवरून दिसते. देशात मुक्काम करणार्‍या परदेशी प्रवाशाला एका दिवसासाठी ५० दिनार, दोन दिवसांसाठी ५५ आणि तीन दिवसांसाठी ६० असे दर ठेवण्यात आले. सीमेपलीकडून वा जहाजातून येऊन मुक्कामाविना त्याच दिवशी परतणार्‍यास मात्र ९० दिनार. अर्थ स्पष्ट आहे. दुसर्‍या दिवसाची किंमत अवघी पाच दिनार! तिकीट स्वतःच प्रवाशाला सांगते की, बाबा रे, थांब. ऐकू येत नाही ते सहलीच्या पत्रकाला.

यावर सहल-आयोजकांची बाजू ठाऊक आहे. आठ दिवसांच्या रजेत दोन-तीन देश बसवावे लागतात. एक मुक्काम वाढविला की खर्च वाढतो आणि ग्राहक दुसर्‍या कंपनीकडे जातो. हा युक्तिवाद खोटा नाही, पण तो ग्राहकाकडे बोट दाखवितो, आणि ग्राहक म्हणजे आपणच. ‘किती स्थळे’ हा प्रश्न विचारणार्‍याला अधिक स्थळे विकली जातील. ‘किती वेळ’ हा प्रश्न विचारणार्‍याला अधिक वेळ मिळेल. पंचवीस-तीस जणांचा गट एकत्रितपणे वादी मुसात एका रात्रीचा मुक्काम मागू लागला, तर तो नाकारणे कोणत्याही आयोजकाला परवडणारे नाही. त्या मुक्कामाने सकाळची कोवळी उन्हे मिळतात, गर्दी येण्यापूर्वीची निःशब्द घळ मिळते, ज्येष्ठांना दोन टप्प्यांत चालता येते, आणि वादी मुसातील खानावळी-हॉटेलांत चार पैसे पोहोचतात.

ज्यांना हे शक्यच नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. एक दिवसही नीट पाहता येतो. निघण्यापूर्वी नबातींविषयी तासभर वाचावे. मार्गदर्शकाला आरंभीच सांगावे की बंधारा, बोगदा, पाण्याचे चर आणि उंटांचे शिल्प दाखविल्याखेरीज पुढे जायचे नाही. खजिन्यापुढील छायाचित्रे दहा मिनिटांत आटोपून राजमार्गापर्यंत जावे. दैरच्या पायर्‍या झेपत नसतील तर सोडाव्यात. पण जलाशयाची जागा सोडू नये. मुलांना सोबत नेले असेल तर त्यांना एवढेच विचारावे की, या शहरात पाणी कोठून येत होते? उत्तर शोधता शोधता त्यांना पेट्रा आपोआप दिसेल.

हीच शिस्त मग घरीही उपयोगी पडेल. वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा एका दिवसात ‘करणारे’ आपणच, आणि कान्हेरीला वनभोजनासाठी जाऊन टाक्यांत डोकावूनही न पाहणारेही आपणच. पेट्रावरून परतलेल्या कुटुंबाने पुढच्या पावसाळ्यात कान्हेरीच्या डोंगरावर उभे राहून, खडकातील चरांमधून टाक्यांत उतरणारे पाणी पाहावे. त्या जॉर्डनच्या सहलीचा खर्च वसूल झाला की नाही, याचा हिशेब तेथे होईल.

नबातींचे राज्य गेले, व्यापार गेला, दैवतेही विस्मृतीत गेली. राहिले ते पाण्याचे चर. थेंबाथेंबाची चिंता करणारा समाज वाळवंटातही राजधानी उभारू शकतो, आणि ती चिंता सोडल्यावर पाणी त्याच राजधानीत मृत्यू होऊन शिरते. दरवर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणार्‍या आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या पुरात अडकणार्‍या आपल्या शहरांतील प्रवाशांनी एवढा धडा जरी पेट्रातून आणला, तरी ती सहल तीर्थयात्रेच्या तोलाची ठरेल. मात्र त्यासाठी दारावरून परतून चालणार नाही. आत जावे लागेल, आणि थांबावे लागेल.